सात नंबरचा दाखला

माझ्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी. हे मी मिरवते, आणि मिरवायची मला लाज वाटत नाही. नाशिकच्या कडेला आमचं थोडं रान आहे. त्यात झेंडू, शेवंती, आणि मधल्या दिवसांत मेथी-कोथिंबीर. आई जुड्या बांधायची, वडील मार्केटला न्यायचे आणि मी त्या ओल्या ढिगाशेजारी बसून अभ्यास करायचे. बी.ए. झाले, डी.एड. केलं. आजूबाजूला कुणाला नोटीस आली, बँकेचा फॉर्म आला, की ती माणसं आमच्याच दारात. वडिलांना सही करता येते, पण सहीच्या वर काय लिहिलंय ते येत नाही. ते मला म्हणायचे, "वाच. आम्हाला बरं वाटावं म्हणून नको वाचू. आहे तसं वाच."

त्यामुळे शिक्षण म्हणजे काय, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. जे लिहिलंय ते खरं वाचायचं आणि जे खरं आहे तेवढंच लिहायचं. हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावर जाईपर्यंत हे उत्तर मला पुरलं.

दिवाळीनंतर सहा महिन्यांच्या मानधनावर मला तिथल्या शाळेत पाठवलं होतं. पहिली ते चौथी, खोल्या दोन, त्यातली एक सामानानं भरलेली. एकच सर, तेच मुख्याध्यापक. मी हरसूलला खोली घेतली. रोज जीपनं फाट्यावर उतरायचं आणि तिथून अर्धा तास चढ चालायचा.

पहिल्या दिवशी पाड्यातून जाताना मला वाटलं, सगळे कुठंतरी लग्नाला गेलेत. कुडाच्या दारांना कुलपं नव्हती. आडवी काठी, आणि काठीला बांधलेली बोरीची काटेरी फांदी. अंगणात हंडे पालथे घालून ओळीनं ठेवलेले. कुत्री होती, पण ती भुंकली नाहीत. माणसंच गेल्यावर राखायचं काय, असं वाटून ती नुसती माझ्याकडे बघत होती. दर वर्षी भात काढून झाला की इथली घरंच्या घरं द्राक्षबागांवर कामाला जातात, दिंडोरीकडे, निफाडकडे. लेकरंही बरोबर जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली दोन-चार पोरं.

शाळेत सात मुलं होती. पट होता तेवीसचा.

सरांनी हजेरी घेतली. अर्ध्या मुलांची आडनावं एकच, म्हणून तिथं हजेरी नंबरावर चालायची. सर खुर्चीत बसून, मान खाली घालून म्हणाले, "एक."

"हजर, सर."

"दोन."

"हजर, सर."

मी फळा पुसत होते. फळ्याकडे तोंड, खोलीकडे पाठ. पाच-सहा आवाज झाले. एक नाकातला, एक 'र' नीट न येणारा, एक अगदी बारीक, पहिलीतल्या लेकराचा. "सात" म्हटल्यावर जरा वेळ गेला. मग घोगऱ्या आवाजात, घसा खाकरून, "हं... हजर." अशी तेवीसच्या तेवीस उत्तरं आली. मी वळले तेव्हा समोर सातच मुलं बसलेली होती आणि सगळ्यांचे ओठ मिटलेले होते.

माझ्या हातातलं डस्टर पडलं. एक पोरगी खुदकन हसली.

मधल्या सुट्टीत मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "अहो मॅडम, पोरं गेली की शाळा खायला उठते. जे मागं राहतात ते गेलेल्यांचा आवाज काढतात. मागच्या वर्षी त्यांचं त्यांनीच सुरू केलं. मी काय, ऐकतो."

"पण हजेरीत?"

"हजेरीत खाडाच मांडतो ना. बघा की."

मी रजिस्टर बघितलं. खरंच लाल शाईचे खाडे होते, ओळीच्या ओळी. फक्त सात नंबरच्या ओळीत एकही खाडा नव्हता. जूनपासून रोज हजर. तो मुलगा मात्र मी पाहिलेल्या सातांमध्ये नव्हता.

"हा कुठंय?"

सर उठले आणि घंटा द्यायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी मी घेऊ लागले. आता मी मुलांकडे तोंड करून उभी राहायचे आणि कोण कुणाचा आवाज काढतो ते बघायचे. सात नंबर देणारी मुलगी चौथीतली होती, बारा नंबरची. दहा वर्षांची असेल. केस घट्ट बांधलेले, डोळे कुणावर न ठरणारे. स्वतःचा नंबर आला की चटकन "हजर, मॅडम" म्हणायची. सात नंबरला मात्र आधी ती मान डावीकडे झुकवायची, कुणीतरी बोलायची वाट बघितल्यासारखी. मग तिच्या गळ्यातून तो घोगरा आवाज यायचा. तिच्या डावीकडे एक रिकामं बस्कर होतं. त्यावर तिसरीचं पुस्तक आणि एक वही. मी वही उघडली. अक्षर मोठं, उजवीकडून डावीकडे कललेलं. तिच्या अक्षराशी त्याचा काही संबंध नव्हता.

एकदा शिकवता शिकवता मी त्या बस्कराजवळ गेले, तर पहिलीतलं एक बारकं पोरगं म्हणालं, "मॅडम, जरा सरका ना. त्यास फळा दिसत नाय."

"कुणाला?"

"सात नंबर. तुमच्या पायापाशी तर हे."

बाकीची पोरं हसली नाहीत. मी सरकले. का सरकले, ते मलाही सांगता येणार नाही. पाय आपोआप उचलले गेले.

खिचडी वाटायच्या वेळी ती दोन ताटल्या घ्यायची. मी सरांकडे बघितलं तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्या ताटलीचा तांदूळ सरकारी नाही. मी घरून मूठभर आणतो. काळजी नको." एक ताटली ती सगळ्यांत बसून खायची. दुसरी घेऊन शाळेच्या मागं जायची आणि रिकामी परत आणायची. मी एकदा हळूच मागं गेले. ती भिंतीला टेकून, डाव्या हातानं, मोठाले घास घेत खात होती. पोरगा जेवतो तशी. मला बघून थांबली. मग ताटली उजव्या हातात घेतली, तोंड पुसलं आणि अगदी स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाली, "त्यास लोणचं आवडायचं. तुम्ही आणाल का?"

त्या दिवशी फाट्यापर्यंत उतरताना मी तीनदा मागं बघितलं. भर दुपार होती.

शेवटी मी तिच्या आजीकडे गेले. म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. मी विचारलं तसं तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडताच सांगितलं.

"मागल्या साली समदे बागेवर गेलेलो. शेततळं असतं ना तिथं, प्लास्टिक घातलेलं. त्यात घसरला. प्लास्टिकवर हात ठरत नाय, बाई. वर यायला काही धरायलाच नाय. हिच्याकडं ठेवलेला. 'भावाकडं ध्यान दे' म्हणून हिची आई घड काढायला गेलेली."

सुपातली नागली वर उडायची, खाली यायची.

"मग शाळेत त्याचा नंबर अजून का?" मी विचारलं.

म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं, की एवढं शिकूनही हिला हे कसं कळत नाही. "दाखला कुठं काढलाय त्याचा? दाखला काढल्याबिगर शाळा सुटत नाय. गावात कुणासबी विचार. तो हे अजून शाळेत. माझा बाप गेला, माझा नवरा गेला, त्यांचं नाव कुठंच लिवलेलं नव्हतं. गेले ते गेले. याचं लिवलेलं हे."

मी परतले ती चिडून. म्हातारीवर नाही, सरांवर. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "सर, हे चूक आहे. शाळा ही असल्या गोष्टी घालवायची जागा आहे."

"चूक आहे," सर म्हणाले.

"मग?"

"एप्रिलपर्यंत थांबा."

का थांबायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला विचारायची गरज वाटली नाही. मी शिकलेली होते.

पुढच्याच आठवड्यात सर तीन दिवस प्रशिक्षणाला त्र्यंबकला गेले. रजिस्टर माझ्या ताब्यात आलं. पहिल्याच सकाळी मी लाल पेन घेतला, पट्टी लावली आणि सात नंबरच्या ओळीवरून सरळ रेघ मारली. समोर लिहिलं, 'मयत'. मग हजेरी सुरू केली.

"सहा."

"हजर, मॅडम."

"आठ."

कुणी बोललं नाही. मी वर बघितलं. सातही मुलं माझ्याकडे बघत होती.

"आठ," मी पुन्हा म्हटलं. आठ नंबर समोर बसली होती, खरीखुरी, वेणी चघळत. तिनं तोंड उघडलं नाही. नऊ. दहा. अकरा. मी नंबर म्हणत गेले आणि प्रत्येक नंबर खोलीत पडून राहिला. "बारा" म्हटल्यावर त्या मुलीनं डावीकडे मान झुकवली, बराच वेळ तशीच ठेवली, मग सरळ केली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तेवीसपर्यंत मी एकटीच बोलत होते.

दुपारी तिनं दोन्ही बस्करं गुंडाळली, दोन्ही दप्तरं घेतली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. राहिलेली सहा मुलं आपापल्या नंबरला कसंबसं "हजर" म्हणायची. गेलेल्यांचे आवाज मात्र बंद झाले. मला हेच हवं होतं ना? खरी हजेरी, खरे खाडे. पण नंबर म्हटला की मी थांबायला लागले. नाकातला आवाज, 'र' न येणारा आवाज यांची वाट बघायला लागले. ते यायचे नाहीत. पत्रा तापून कट् कट् वाजायचा आणि मला वाटायचं, आता बोलेल कुणीतरी. त्या आवाजांची भीती वाटायची तेव्हा निदान खोलीत माणसं होती.

सर आले. त्यांनी रजिस्टर उघडलं, रेघ बघितली आणि मिटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, मला एकदा तरी विचारायचं होतं, एप्रिलपर्यंत का म्हणून."

"का?"

"तिला यंदाही बागेवरच न्यायचं होतं. धाकटं लेकरू सांभाळायला. आईबाप नेणारच होते. ही म्हणाली, तो शाळेत एकटा आहे, मी नाही येणार. त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. म्हणून राहिली. चौथी झाली की आश्रमशाळेत घालू, असं मी म्हातारीकडून कबूल करून घेतलं होतं. आता शाळेत तिचं कोण आहे? बाजाराच्या दिवशी मुकादमाची गाडी येतेय. जाईल ती. एकदा गेलेली पोरगी परत शाळेत येत नाही, हे मी बघतोय ना इतकी वर्षं."

बाजार परवा होता.

मी माझ्या पद्धतीनं विचार केला. दाखला नाही म्हणून तो अडकलाय, तर दाखला देऊ. सर म्हणाले, "असा दाखला कुणी मागत नाही." तरी त्यांनी कोरा फॉर्म काढून दिला. मी चांगल्या अक्षरात भरला. नाव, आईचं नाव, इयत्ता दुसरी. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचं कारण: मयत. सरांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "जाऊन बघा."

बाजाराच्या दिवशी सकाळी फाट्यावर पिकअप उभी होती. पाठीमागं माणसं, गोधड्या, एक शेळी. ती आजीजवळ उभी होती, हातात बोचकं आणि दोन्ही दप्तरं. मुकादम मला बघून म्हणाला, "काय मॅडम, तुम्हीपण येताय काय? बसा. हात कमीच पडतात आम्हाला."

मी तिच्यापाशी गेले. तिच्या हातात कागद दिला. "वाच."

तिनं वाचला. एकेक रकाना, बोट ठेवून, मोठ्यानं. भावाचं नाव तिनं तिथं माझ्यासमोर पहिल्यांदाच घेतलं. 'मयत' या शब्दाशी ती अडखळली नाही, सरळ वाचून पुढं गेली. मग बोट परत वर नेलं.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"दुसरी लिवलंय. तो तिसरीत हे. दुसरीचा पेपर दिला त्यानं. मी लिवला, त्याच्या हातानं."

"अगं, पण..."

"आणि वर्ष पुरं कुठं झालंय? तिसरीचा पेपर राहिला ना त्याचा." तिनं कागद माझ्या हातात परत दिला. "अर्ध्यातून नका काढू त्यास."

आजी म्हणाली, "खरं हे. अर्ध्या सालात कोणी दाखला देतं का? पोरानं काय खोड्या केल्या का?"

मुकादमानं हॉर्न वाजवला. "चल गं पोरी, बस लवकर. तिकडं घड पिकून गळायला लागले."

म्हातारी गर्रकन वळली. "तू आधी तुझ्या तळ्याला कुंपण घाल, मेल्या! दोर सोड त्यात चार! मग माग माझी पोर!"

गाडीतल्या बायकांपैकी कुणीतरी "घाला ओ, कुंपण घाला" म्हणालं. मुकादमानं खिडकीतून डोकं आत घेतलं.

मुलगी माझ्याकडेच बघत होती. डोळे पहिल्यांदा माझ्यावर ठरलेले. "सात म्हणाल का?"

आमच्या वडिलांनी मला खोटं वाचू दिलं नव्हतं कधी.

"म्हणाल का, मॅडम?"

"म्हणेन."

"त्यास वेळ लागतो बोलायला. लगेच आठ नाय म्हणायचं."

"नाही म्हणणार."

तिनं बोचकं आजीच्या हातात दिलं, दोन्ही दप्तरं खांद्याला लावली आणि चढ चढायला लागली. मी तिच्या मागून गेले. तिच्या डाव्या बाजूला पायवाटेवर माणसाएवढी जागा ती मोकळी सोडत होती. मी त्या जागेतून चालले नाही.

रजिस्टरात मी काही बदललं नाही. लाल रेघ होती तिथं आहे, शब्दही आहे. लिहिलेलं खरंच राहिलं पाहिजे, यावर मी अजून ठाम आहे. पण सहा झाल्यावर मी सात म्हणायला लागले आणि थांबायला लागले. पहिल्या दिवशी किती वेळ थांबले ते माहीत नाही. तो घोगरा आवाज आला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. हे कुणाला सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. त्यानंतर नाकातला आवाज आला, 'र' न येणारा आला. सगळी शाळा भरली.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. तिनं सकाळी चौथीचा पेपर उजव्या हातानं लिहिला आणि दुपारी तिसरीचा डाव्या हातानं. दोन्ही वेळा मी समोर उभी होते. दुपारी तिची पेन्सिल धरायची पद्धत वेगळी होती, जीभ दातांत धरलेली होती. मध्येच तिनं उजव्या हातानं डाव्याला टपली मारली आणि पुटपुटली, "बघून लिव ना."

पेपर मी हरसूलच्या खोलीवर आणून तपासले. तिचं गणित चोख होतं. त्याच्या गणितात तो हातचा विसरला होता, चारही उदाहरणांत. तिला हातचा येतो, मला माहीत आहे, मीच करून घेतला होता तिच्याकडून. मराठीच्या पेपरात शेवटचा प्रश्न होता, 'मी मोठेपणी कोण होणार? पाच वाक्ये लिहा.' तिनं पाचाऐवजी नऊ लिहिली होती, नर्स होणार म्हणून. त्याच्या पेपरात प्रश्न उतरवून घेतला होता. खाली पाच आकडे घातले होते, एक ते पाच, प्रत्येकापुढं पूर्णविराम. आणि जागा कोरी.

मी तो कागद हातात घेऊन बसून राहिले. मग शून्य दिलं. एकही मार्क वाढवला नाही. त्याचे होते तेवढे सगळे दिले, बेरीज दोनदा केली. तो पास झाला होता. एका साध्या कागदावर मी त्याचं तिसरीचं प्रगतीपत्रक आखलं आणि दाखल्याला टाचणीनं लावलं. त्यावर शिक्का नाही. मागितला असता तरी सरांनी दिला नसता आणि मी मागितला नाही. निकालाच्या दिवशी तिनं ते घेतलं, मार्क बघितले आणि डावीकडे वळून चांगलंच झापलं. "हातचा! किती येळा सांगायचं!" आवाज माझा होता. अगदी माझा, नाशिकचा 'च' सुद्धा.

जूनमध्ये माझी मुदत संपली होती, तरी आश्रमशाळेत तिचं नाव घालायला मी आजीबरोबर गेले. ऑफिसात टेबलामागं एक लेखनिक बसले होते. तिनं दोन दाखले पुढं ठेवले.

"दोन आहेत," ते म्हणाले. "दुसरा कुणाचा?"

"भावाचा."

"मग तो कुठंय? त्यालाही घालायचंय का?" त्यांनी दुसरा फॉर्म ओढला आणि तिच्या बाजूला, दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं, तरी ते बघतच राहिले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती बोलली.

"नाय. त्याची शाळा झाली. त्यास तिसरीपर्यंतच शिकवायचं होतं."

"कुणाला शिकवायचं होतं?"

"मला."

तिनं दुसरा दाखला उचलला, आजीच्या हातात दिला आणि टेबलाशी सरळ उभी राहिली, एकटी. लेखनिक माझ्याकडे बघू लागले.

"बरोबर सांगतेय ती," मी म्हटलं. "तिचं नाव लिहून घ्या."